काळा नेमका किती काळा? इंकजेट प्रिंटमधली डेन्सिटी मोजताना

मासुंदा तलावाच्या काठावर पावसाळी रात्री काढलेला एक ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो घ्या. पाण्यात दिव्यांच्या लांबट रेघा, कठड्याशी छत्री धरून उभा असलेला माणूस, बाकी सगळा काळोख. लॅपटॉपवर तो काळोख भरीव दिसतो. तोच फोटो कॉटनच्या मॅट कागदावर छापून हातात आला की काळोखाच्या जागी गडद करडं काहीतरी दिसतं आणि फोटोवाला विचारतो, "शाई कमी मारलीत का हो?" ठाण्यात प्रिंटिंग करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवीन नाही.

शाई बहुतेक वेळा पुरेशी असते. काळ्याचा आकडा, म्हणजे डेन्सिटी, तीन गोष्टी मिळून ठरवतात: शाई, कागदाचा पृष्ठभाग आणि ज्याने मोजलं ते यंत्र. यातली एक जरी बदलली तरी आकडा बदलतो. म्हणून "माझा काळा २.४ येतो, तुझा किती?" या गप्पांना, कागद आणि यंत्र सांगितल्याशिवाय, फारसा अर्थ नसतो.

आकडा येतो कुठून

कागदावर पडलेल्या उजेडापैकी किती परत आला, यावरून डेन्सिटी ठरते. शंभरातले दहा भाग परतले तर डेन्सिटी १.०, एकच भाग परतला तर २.०, हजारातला एक परतला तर ३.०. उजेड दहा पटींनी घटला की आकडा एकाने चढतो. कॉलेजात लॉगॅरिथमची कोष्टकं चाळली असतील त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की उजेड निम्मा झाला की डेन्सिटी ०.३ ने वाढते. कॅमेऱ्यातला एक स्टॉप तो हाच.

ही मोजायची पद्धत फिल्मच्या जमान्यातली. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या दोन रसायनतज्ज्ञांनी १८९० मध्ये आपलं संशोधन प्रसिद्ध केलं आणि निगेटिव्हवरचा काळेपणा लॉगच्या आकड्यात मांडला. इंकजेटने तीच पट्टी वारशात घेतली.

पण डोळा काही लॉगची कोष्टकं घेऊन बसलेला नसतो. डोळ्याला काय दिसेल हे सांगणारा दुसरा आकडा म्हणजे एल-स्टार, १९७६ साली ठरलेल्या लॅब रंगपद्धतीतला. शून्य म्हणजे ठार काळा, शंभर म्हणजे पांढरा. फोटोवाल्यांच्या बॅगेत असतं ते १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड डेन्सिटीत ०.७५ च्या आसपास भरतं, एल-स्टारमध्ये ५० च्या अगदी जवळ. म्हणजे डोळ्याच्या हिशोबात ते बरोबर मधोमध बसतं.

आता गंमत बघा. डेन्सिटी १.४ म्हणजे एल-स्टार साधारण २३.५, १.६ म्हणजे १८, २.० म्हणजे ९, २.३ म्हणजे साडेचार, २.५ म्हणजे जेमतेम तीन. एक-दशांश-चारचा एक-दशांश-सहा केलात तर डोळ्याला साडेपाच एककांचा फरक मिळतो, आणि तो कुणालाही दिसतो. २.३ चा २.५ केलात तर वाढ तेवढीच, ०.२ ची, पण डोळ्याच्या पदरात दीड-पावणेदोन एककं पडतात. कागदाच्या जाहिरातीत २.५ झळकतं तेव्हा हा हिशोब कुणी सांगत नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की ग्लॉसी कागदावर २.२ च्या पुढे गेल्यावर डी-मॅक्सच्या मागे धावू नये. (डी-मॅक्स म्हणजे त्या कागदावर त्या शाईने मिळणारी सगळ्यात जास्त डेन्सिटी. प्रिंटवाल्यांच्या तोंडी हाच शब्द असतो.) मॅटवर मात्र एकेक दशांशासाठी भांडण्यात अर्थ आहे.

मॅट कागद करडा का दिसतो

हवेतून येणारा उजेड शाईच्या वरच्या थरावर आदळतो तेव्हा आत शिरायच्या आधीच त्यातला सुमारे चार टक्के परत फिरतो. हा उजेड शाईला भेटलेलाच नसतो, त्यामुळे शाई कितीही काळी असली तरी त्याचं काही करू शकत नाही. प्रश्न एवढाच की तो परत फिरून जातो कुठे.

ग्लॉसी कागदावर तो आरशावरून परतावा तसा एकाच दिशेने जातो. आपण प्रिंट जरा तिरकी धरतो, चमक बाजूला सरते आणि उरतो तो खरा काळा. मॅट कागदाचा पृष्ठभाग खडबडीत. तिथे तो चार टक्के उजेड सगळीकडे विखुरतो आणि प्रिंट कशीही फिरवली तरी त्याचा काही वाटा डोळ्यात येतोच. हे चारही टक्के सगळीकडे सारखे पसरले तर डेन्सिटी १.४ च्या पुढे जाणारच नाही. प्रत्यक्षात खाचाखोचांत त्यातला काही अडकतो आणि शोषला जातो, म्हणून चांगल्या कॉटन मॅटवर १.६ ते १.७ मिळते. बॅरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेला कागद) किंवा चांगल्या ग्लॉसीवर २.२ ते २.४ सहज मिळते. दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसली की काळीकुळकुळीत दिसायची आणि वाळली की करडी व्हायची, ते याच कारणाने. पाण्याने खाच भरली, पृष्ठभाग सपाट झाला, विखुरणं थांबलं.

म्हणून मॅट प्रिंट वाईट ठरत नाही. प्लॅटिनम प्रिंट हा फोटोग्राफीतला मानाचा प्रकार, आणि त्याची डेन्सिटी साधारण १.४-१.५ च्या घरातच असते. जुन्या डार्करूममधली ग्लॉसी सिल्व्हर प्रिंट २.१ च्या आसपास. लोक दोन्ही जपून ठेवतात. कमी डी-मॅक्सवर चित्र उभं राहतं ते मधल्या टोनच्या मांडणीवर. तलावाच्या त्या फोटोत काळोख एल-स्टार १७ ला थांबला तरी चालतं, फक्त माणसाचा काळा कोट आणि त्यामागचं काळं पाणी वेगवेगळं कळायला हवं.

शाईची जात

रंगद्रव्याच्या, म्हणजे पिगमेंट शाईच्या फोटो प्रिंटरमध्ये काळी शाई दोन प्रकारची असते, मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक. दोन्हींत मुख्यतः कार्बनच असतो, फरक बाकीच्या मिश्रणाचा. मॅट ब्लॅक मॅट कागदावर भरगच्च बसते, पण ग्लॉसीवर धरत नाही. बोट फिरवलं तर निघून येते. फोटो ब्लॅक ग्लॉसीवर उत्तम, मॅटवर फिकी. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार चुकीचा निवडला की नेमकी चुकीची काळी शाई वापरली जाते. "काळा उठत नाही" या तक्रारींत हे कारण पहिलं तपासावं, कारण त्याला खर्च शून्य. एप्सनच्या ३८८० सारख्या जुन्या मशिनांत या दोन शायांना मिळून एकच मार्ग होता, एकीवरून दुसरीवर जाताना बरीच शाई वाया जायची, म्हणून लोक कागदच बदलायचं टाळत. पी७०० आणि पी९०० मध्ये दोघींना वेगळे नोझल दिल्यावर ती कटकट गेली.

घरातल्या इंक टँक प्रिंटरची गोष्ट निराळी. कॅननच्या जी-सिरीजमधल्या चार टाक्यांच्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकी तीन डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, असतात. ग्लॉसी फोटो पेपर निवडला की मशीन काळी शाई बाजूला ठेवून निळी, किरमिजी आणि पिवळी मिसळून काळा बनवतं. म्हणून तिथे काळ्यात हिरवट किंवा जांभळट झाक दिसते. हेड क्लीनिंग कितीदा केलं तरी ती झाक जाणार नाही, शाई मात्र संपेल.

करड्या छटांसाठी मोठ्या मशिनांत फिकी काळी आणि त्याहून फिकी काळी अशा जादा शाया असतात. २००५ मध्ये एप्सनने के-थ्री या नावाने तीन पातळ्यांच्या काळ्या शाया आणल्या तेव्हापासून हे रूढ झालं. अमेरिकेतल्या जॉन कोन यांच्या पीझोग्राफीत तर सगळ्या टाक्यांत काळ्याच्याच वेगवेगळ्या छटा भरतात. फिकट भागात काळे ठिपके विरळ टाकण्यापेक्षा फिकी शाई दाट टाकली की दाणे दिसत नाहीत. डी-मॅक्स मात्र त्या एकाच पूर्ण काळ्या शाईवर अवलंबून राहतो.

यंत्र कसं बघतं

डेन्सिटी मोजायला डेन्सिटोमीटर, नाहीतर हल्ली बहुतेकांकडे असतो तो आय-वन किंवा कलरमंकी जातीचा स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र. ही यंत्रं ४५ अंशांतून उजेड टाकतात आणि सरळ वरून बघतात. ग्लॉसीवरची चमक त्यामुळे आपोआप दुसरीकडे निघून जाते आणि आकडा छान येतो. मॅटवरचा विखुरलेला उजेड मात्र यंत्रालाही टाळता येत नाही. म्हणजे यंत्र तेच सांगतं जे खिडकीपाशी प्रिंट नीट धरून बघणारा माणूस सांगेल. भिंतीवर, ट्यूबलाइटच्या समोर टांगलेली ग्लॉसी प्रिंट कशी दिसेल हे ते सांगत नाही.

मग मोजण्याच्या अटी. एम-झिरो, एम-वन, एम-टू, एम-थ्री अशा चार आहेत. पहिल्या तिन्हींत फरक मुख्यतः अतिनील किरणांचा, तो पांढऱ्या कागदावर दिसतो, काळ्यावर जवळजवळ नाही. एम-थ्रीमध्ये पोलरायझर असतो, तो पृष्ठभागावरचा उजेड गाळतो, आणि मॅटचा आकडा लगेच वर चढतो. शाई तीच, कागद तोच, आकडा सुंदर. शिवाय काही जण कागदाची स्वतःची डेन्सिटी वजा करून सांगतात, काही तशीच सांगतात. दोघांच्या आकड्यांत ०.०५ ते ०.१ चा फरक तिथेच पडतो. आकडे जुळत नसले की आधी हे दोन प्रश्न विचारायचे.

काळ्याच्या टोकाला यंत्राची खरी परीक्षा असते. २.३ डेन्सिटीला परत येणारा उजेड असतो फक्त अर्धा टक्का. यंत्राने ०.१ टक्क्याची चूक केली आणि ०.४ वाचलं तर आकडा २.४०, ०.६ वाचलं तर २.२२. कोऱ्या कागदावर, जिथे ९० टक्के उजेड परततो, तेवढीच चूक तिसऱ्या दशांश स्थळाच्या आत हरवते. म्हणून ग्लॉसीवरच्या काळ्याचं दुसरं दशांश स्थळ मी गांभीर्याने घेत नाही.

त्यात धूळ. यंत्राच्या खिडकीचा व्यास साडेचार मिलिमीटर धरा. कॉटन कागदाचा पांढरा तंतू, दीड दशांश मिलिमीटरचा, मोजायला छापलेल्या काळ्या चौकोनावर पडला. नजरेला तो दिसेलच असं नाही. खिडकीचा हजारावा भाग त्याने व्यापला, पण तो ९० टक्के उजेड परतवतो, आणि २.३० चा आकडा २.२३ वर येतो. शाई बदलली, हेड बिघडलं असले निष्कर्ष काढण्याआधी मऊ ब्रशने पट्टी झाडायची, यंत्राची पांढरी टाइल पुसायची, कॅलिब्रेट करायचं आणि काळ्या चौकोनात चार-पाच ठिकाणी रीडिंग घेऊन मधलं धरायचं. कागद कापताना आणि छापायच्या आधीही ब्रश मारावा. छापताना तंतूखाली शाई लागत नाही, आणि तो नंतर गळून पडला की काळ्यात कायमचा पांढरा ठिपका उरतो.

अजून शाई मारली तर?

आता मूळ तक्रारीकडे. टेस्टसाठी शून्य ते शंभर टक्के शाई, पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी, अशी एकवीस चौकोनांची पट्टी छापतात. रॉय हॅरिंग्टन यांच्या क्वाडटोन रिप या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय कॅलिब्रेशन मोडमध्ये तयार मिळते आणि प्रत्येक शाईची पट्टी वेगळी निघते. मॅट कागदावर काळ्या शाईचे आकडे साधारण असे वागतात, उदाहरण म्हणून धरा: ६० टक्क्यांना १.४८, ७० ला १.५८, ८० ला १.६४, ९० ला १.६५ आणि १०० ला १.६३.

ऐंशीनंतर शाई वाढली, काळा फारसा वाढला नाही. शेवटी तर उलटा फिरला. कागदावरचा शाई धरणारा थर भरला की जादाची शाई वर साचते, पसरते, बारीक पांढऱ्या रेषा बुजवते, वाळायला वेळ लावते. ग्लॉसीवर तिला तांबूस-पितळी झळाळी येते, त्याला ब्राँझिंग म्हणतात. या पट्टीवर शाईची मर्यादा ८० ला बांधायची, बस्स. फोटोवाल्याला ही पट्टी दाखवली की बहुतेक वेळा वाद मिटतो. नाहीच मिटला तर ८० आणि १०० या दोन्हींवर फोटोचा एकेक तुकडा छापून द्यावा, आणि कुठला कुठला हे सांगू नये.

मर्यादा ठरली की लिनिअरायझेशन, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या सारख्या करणं. माझ्या मते सगळ्या मोजामोजीचं खरं फळ इथे आहे. कागदाचा पांढरा एल-स्टार ९६, काळा १६, मध्ये ८० एककं. वीस पायऱ्यांत वाटली की दर पायरीला चार. मशीन आपल्या मनाने छापतं तेव्हा ही वाटणी सारखी होत नाही. गडद टोकाचे शेवटचे चार चौकोन १८, १७, १६.५, १६ असे एकमेकांना चिकटून बसतात. फाइलमध्ये कोट आणि पाणी वेगळं असतं, कागदावर दोन्हींचा एकच डाग होतो. आकडे मोजून सॉफ्टवेअरला दिले की ते मधली शाई कमी-जास्त करून पायऱ्या पुन्हा सारख्या करतं: २८, २४, २०, १६. डी-मॅक्स तोच राहतो, पण बघणारा म्हणतो की काळा "खोल" झाला. डोळ्याला खोली वाटते ती बाजूच्या जरा कमी काळ्यामुळे.

म्हणून मला १.६२ डी-मॅक्स आणि नीट पायऱ्यांची प्रिंट १.७० आणि बुजलेल्या सावल्यांच्या प्रिंटपेक्षा केव्हाही जास्त आवडते.

मोजायची घाई करू नये. नुकत्याच निघालेल्या प्रिंटमध्ये पाणी आणि इतर द्रव अजून कागदात असतात. वाळताना काळा बदलतो. एक रात्र उघड्यावर, धूळ न बसेल असं ठेवून दुसऱ्या दिवशी मोजावं. जुलै-ऑगस्टमध्ये, हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते तेव्हा, कागद आधीच दमट असतो. पाकीट उघडं राहिलं तर कडा वळतात, शाई जास्त पसरते आणि मेमध्ये बनवलेली लिनिअरायझेशन जरा चुकते. कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलसकट ठेवायचा, छापण्याच्या आधी खोलीचा एसी काही वेळ चालवायचा, आणि पावसाळ्यासाठी पट्टी वेगळी मोजायची. हे शेवटचं फार थोडे जण करतात.

यंत्र नसेल तर साधा फ्लॅटबेड स्कॅनर कामचलाऊ चालतो, पण मॅटपुरताच. डेन्सिटी माहीत असलेली तयार पायऱ्यांची पट्टी आपल्या पट्टीच्या शेजारी ठेवायची, स्कॅनरच्या सगळ्या ऑटो करामती बंद करायच्या, १६ बिट ग्रेमध्ये स्कॅन करायचं आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी जुळवून बघायची. स्कॅनरच्या काचेखाली उजेड इकडेतिकडे उडतो आणि काळ्यात मिसळतो, त्यामुळे ग्लॉसीचा काळा त्याला नीट कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा यासाठी नको. तो आपल्या मर्जीने एक्स्पोजर बदलतो, आणि आपण शाई मोजतोय की फोनची हुशारी, तेच कळत नाही.

शेवटी फ्रेम. साध्या काचेच्या दोन बाजू मिळून आठेक टक्के उजेड परतवतात. समोर खिडकी असेल तर २.३ च्या काळ्यावर खिडकीचं प्रतिबिंब बसतं आणि मॅट-ग्लॉसी हा सगळा वाद काचेआड संपतो. फ्रेमवाले यावर 'नॉन-ग्लेअर' म्हणून खरखरीत काच सुचवतात. ती प्रतिबिंब पुसते, पण मॅट कागदासारखाच उजेड विखुरते, आणि ग्लॉसीवर कमावलेला काळा पुन्हा करडा होतो. घ्यायचीच असेल तर अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंगची काच घ्यावी. तिच्यातून परतणारा उजेड एका टक्क्याच्या आसपास असतो. महाग पडते आणि सगळ्याच फ्रेमवाल्यांकडे मिळत नाही, त्यामुळे आधी फोन करून विचारलेलं बरं.